उपस्थाता : बालरुग्णसेवेचा तिसरा पाद

(गंभीर आजारी बालकांच्या तातडीच्या उपचारांविषयी रुग्णालयीन कर्मचारी आणि सेवाकार्यकर्ते यांच्यासमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेच्या चार पादांचा विचार एका स्वतंत्र अध्यायात केलेला आहे. वैद्य, औषध, उपस्थाता आणि रुग्ण हे ते चार पाद. उपस्थाता म्हणजे रुग्णाच्या जवळ उभा राहणारा, त्याची शुश्रूषा करणारा. आजच्या रुग्णालयात पाहू गेल्यास परिचारिका, वॉर्डबॉय, आया, रुग्णवाहिकेवरील सहायक हे सारे या एका शब्दात सामावतात. या उपस्थात्याच्या अंगी चार गुण असावेत अशी चरकाचार्यांची अपेक्षा आहे. उपचाराचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी अनुराग आणि शुचिता. यातील क्रम मननीय आहे. अनुराग तिसरा आहे. ज्ञान आणि दक्षता त्याच्या आधी येतात. सेवाभावाचे गोडवे गाणाऱ्या समाजाने हा क्रम पुन्हा एकदा नीट वाचण्याची आवश्यकता आहे. तापाने फणफणलेल्या, श्वासासाठी धडपडणाऱ्या बालकाला मायेचा हात हवाच. परंतु त्या हाताला अँबू बॅग कशी धरावी हे ठाऊक नसेल, तर माया हतबल ठरते.

पिंपरी-चिंचवड आणि चाकण या परिसराने या चार पादांपैकी दोन पाद मोठ्या उमेदीने उभे केले आहेत. १९५४ मध्ये पिंपरीच्या माळावर हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने तेथे पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले आणि परदेशी औषधावर विसंबून असलेल्या देशाला स्वदेशी प्रतिजैविक मिळू लागले. न्यूमोनियाने दगावणाऱ्या किती बालकांचे प्राण त्या कुप्यांनी वाचवले असतील याची गणती कोणी ठेवलेली नाही. हा झाला औषधाचा पाद. पुढे औद्योगिक वसाहत वाढली, १९८२ मध्ये महानगरपालिका स्थापन झाली, साडेसातशे खाटांचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय उभे राहिले, वैद्यकीय महाविद्यालय आले, खासगी रुग्णालयांच्या इमारती उठल्या. वैद्यांची वाण राहिली नाही. हा झाला पहिला पाद. आता प्रश्न आहे तो तिसऱ्या पादाचा.

या प्रश्नाचे गांभीर्य आकड्यांवरूनही ध्यानात येते. नमुना नोंदणी पाहणीच्या २०२० सालच्या अहवालानुसार महाराष्ट्रात दर हजार जिवंत जन्मांमागे सोळा अर्भके वर्षाच्या आत दगावत होती. देशाचा आकडा अठ्ठावीस होता. तुलनेने महाराष्ट्राची स्थिती चांगली, यात शंका नाही. लसीकरण, स्वच्छ पाणी, रुग्णालयातील बाळंतपणे आणि आशा कार्यकर्त्यांचे परिश्रम यांचे ते फळ आहे. परंतु त्या सोळांपैकी अकरा अर्भके जन्मानंतरच्या पहिल्या अठ्ठावीस दिवसांतच गेली होती. ज्या मृत्यूंना लस किंवा जलशुद्धीकरण रोखू शकते, ते आपण बऱ्याच अंशी रोखले. उरलेल्यांपैकी पुष्कळ मृत्यू तासा-दोन तासांच्या, कित्येकदा काही मिनिटांच्या हिशेबातले आहेत. रुग्णालयात दाखल झालेल्या बालकांचे अनेक मृत्यू पहिल्या चोवीस तासांत होतात, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रशिक्षण पुस्तिकेत आरंभीच नोंदवलेले आहे. म्हणजे बालक दारापर्यंत पोहोचते आणि दाराच्या आत आल्यावर हातातून निसटते.

असे का घडते? बालक म्हणजे लहान आकाराचा प्रौढ नव्हे. त्याचे शरीर आजाराशी बराच काळ चिवटपणे झुंजते. नाडी जलद करून, श्वास वाढवून, हातापायांचे रक्त आत ओढून घेऊन ते मेंदू आणि हृदय सांभाळते. आणि ही शिल्लक संपली की अकस्मात कोसळते. शिवाय ते स्वतःची वेदना सांगू शकत नाही. काश्यपसंहितेत यासाठी वेदनाध्याय नावाचा स्वतंत्र अध्याय आहे. न बोलणाऱ्या बालकाच्या हालचालींवरून, रडण्यावरून, हाताने कोणत्या अवयवाला स्पर्श करते यावरून त्याची व्यथा कशी ओळखावी, हे तेथे सांगितले आहे. आधुनिक बालरोगशास्त्र आज वेगळ्या साधनांनी हेच सांगते. दोन महिन्यांच्या आतील बाळाचा श्वास मिनिटाला साठ किंवा अधिक, वर्षाच्या आतील बाळाचा पन्नास किंवा अधिक, पाच वर्षांपर्यंतच्या मुलाचा चाळीस किंवा अधिक असेल तर तो जलद समजावा. यासाठी महागडे यंत्र लागत नाही. लागते ते सेकंदकाटा असलेले घड्याळ, पूर्ण एक मिनिट आणि मोजायला शिकलेली नजर.

या परिसरातील वस्तुस्थिती डोळ्यांपुढे आणली म्हणजे या नजरेचे मोल कळते. खराबवाडी, नाणेकरवाडी, महाळुंगे, निघोजे, कुरुळी या गावांत भाड्याच्या खोल्यांच्या रांगाच्या रांगा उभ्या आहेत. मराठवाडा-विदर्भापासून बिहार-ओडिशापर्यंतची कुटुंबे तेथे राहतात. घरात आजी नाही, शेजारी आपल्या भाषेचा नाही, नवरा रात्रपाळीला गेलेला. तान्हे बाळ दोन दिवस जुलाबाने सुकते, आई औषधाच्या दुकानातून काहीतरी आणून पाजते आणि तिसऱ्या दिवशी रिक्षाने दवाखाना गाठते. तेथे तिला प्रथम कोण भेटते? डॉक्टर नव्हे. दारावरचा सुरक्षारक्षक, केसपेपरच्या खिडकीवरचा लेखनिक, बाह्यरुग्ण विभागातील परिचारिका ही तिला भेटणारी पहिली माणसे. रांगेत सर्वांत मोठ्याने रडणाऱ्या मुलाकडे सर्वांचे लक्ष जाते. जे मूल सर्वांत अधिक धोक्यात आहे, ते मात्र बहुधा निपचित पडलेले असते. त्याच्या मौनाचा अर्थ ज्याला कळतो, तो त्या क्षणी डॉक्टरांइतकाच मोलाचा असतो.

या एका गोष्टीने किती फरक पडतो याचे उदाहरण आफ्रिकेतील मलावी देशाचे आहे. ब्लँटायर येथील क्वीन एलिझाबेथ रुग्णालयात साधनांची चणचण होती आणि गर्दी अफाट. तेथील बालरोगतज्ज्ञांनी नवी इमारत मागितली नाही. आलेल्या प्रत्येक बालकाकडे रांगेतच पाहून तातडीचे, प्राधान्याचे आणि थांबू शकणारे अशी वर्गवारी करण्यास त्यांनी कर्मचाऱ्यांना शिकवले आणि तातडीच्या उपचारांची जागा प्रवेशद्वाराशी आणली. दाखल बालकांमधील मृत्यूचे प्रमाण शेकडा दहा ते अठरा होते, ते सहा ते आठपर्यंत उतरले. तेथील अनुभवातून आणि अन्य देशांतील पडताळणीतून जागतिक आरोग्य संघटनेचा अभ्यासक्रम सिद्ध झाला. भारतात २००९ मध्ये सुरू झालेल्या रुग्णालयस्तरीय बालआजार व्यवस्थापनाच्या अकरा दिवसांच्या प्रशिक्षणात त्याचा समावेश झाला. त्याच वर्षी नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रमाचे दोन दिवसांचे प्रशिक्षणही देशभर सुरू झाले. म्हणजे अभ्यासक्रम तयार आहे. ज्याच्या हातात तो उतरायला हवा, तो हात तयार आहे काय, हा खरा प्रश्न आहे.

अभ्यासक्रमाचे सार मोजक्या शब्दांत सांगता येते. प्रथम श्वास. श्वासमार्ग मोकळा आहे काय, ओठ-जीभ निळसर आहेत काय, छाती आत ओढली जाते काय? मग रक्ताभिसरण. हात गार आहेत काय, नखावर दाब देऊन सोडल्यावर गुलाबी रंग परतण्यास तीन सेकंदांहून अधिक वेळ लागतो काय, नाडी क्षीण आणि जलद आहे काय? मग शुद्ध. बालक जागे आहे, हाकेला प्रतिसाद देते, वेदनेला देते की कशालाच देत नाही? आकडी चालू आहे काय? मग जुलाब असतील तर शुष्कता. डोळे खोल गेलेले, मूल मलूल, पोटाची चिमटीत धरलेली त्वचा सावकाश पूर्ववत होणारी. यातील एकही तातडीचे लक्षण दिसले की केसपेपर मागाहून. मूल आधी आत. प्राणवायू लावणे, रक्तातील साखर तपासणे, वजन घेणे या कृती लगोलग सुरू झाल्या पाहिजेत. बालकाला औषधाची मात्रा वजनावर ठरते आणि दशांशचिन्हाची एक चूक दसपट मात्रा देऊन जाते. म्हणून वजनकाटा हेसुद्धा तातडीचे साधनच होय. नवजात शिशूच्या बाबतीत तर पहिले मिनिटच निर्णायक. दर दहांपैकी सुमारे एका बाळाला श्वास सुरू होण्यासाठी साहाय्य लागते. त्यातील बहुतेक बाळे कोरडी करणे, ऊब, हलके उत्तेजन आणि गरज पडल्यास अँबू बॅगचा श्वास एवढ्यानेच सावरतात.

हे सारे वाचून येत नाही, करून येते. औद्योगिक परिसराला हे निराळे समजावण्याची गरज नसावी. आग लागल्यावर काय करावे याचे भाषण देऊन कारखाना थांबत नाही. तो रंगीत तालीम घेतो, वेळ मोजतो, चुका फलकावर लिहितो आणि पुन्हा तालीम घेतो. जपानी उत्पादनपद्धतीतून वाहनउद्योगाने उचललेली एक रीत तर रुग्णालयांनी जशीच्या तशी स्वीकारण्याजोगी आहे. दोष दिसताच साध्या कामगारालाही लाइन थांबवण्याचा अधिकार असतो. त्याबद्दल त्याला कोणी रागावत नाही. तातडीचे लक्षण ओळखणाऱ्या आयाला किंवा सुरक्षारक्षकाला रांग मोडून बालकाला थेट आत नेण्याचा असाच अधिकार हवा. तिचा अंदाज दहा वेळा चुकला तरी चालेल. अकराव्या वेळी तो बरोबर असेल.

आणि एकदा शिकून भागत नाही. वापर नसला की कौशल्य काही महिन्यांतच बोथट होते. शिवाय शास्त्रही पुढे सरकते. शॉकमधील बालकाला शिरेवाटे भराभर द्रव द्यावा, असे अनेक वर्षे शिकवले जात असे. युगांडा, केनिया आणि टांझानिया येथील ३,१४१ बालकांवर झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने या समजाला धक्का दिला. तीव्र ताप आणि मंद रक्ताभिसरण असलेल्या ज्या मुलांना असा द्रव भराभर दिला, त्यांच्यात अठ्ठेचाळीस तासांतील मृत्यू शेकडा साडेदहाच्या घरात होते. ज्यांना दिला नाही, त्यांच्यात सव्वासातच्या जवळपास. जुलाबाने तीव्र शुष्क झालेल्या बालकाला द्रव द्यावाच लागतो, तो नियम कायम राहिला. परंतु इतर बालकांविषयीच्या मार्गदर्शक सूचना जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये बदलल्या. दहा वर्षांपूर्वी घेतलेल्या प्रमाणपत्रावर जी परिचारिका विसंबून आहे, तिला हे कोण सांगणार? दर तिमाहीची उजळणी ही चैन नाही, ती रुग्णसुरक्षेची अट आहे.

छोट्या रुग्णालयाचे काम तर आणखी निराळे आहे. चाकणचा संग्रामदुर्ग हा भुईकोट. १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्यांनी मूठभर मावळ्यांनिशी शाहिस्तेखानाच्या अफाट सैन्याला सुमारे दोन महिने तेथे झुंजवत ठेवले. गड अखेरीस गेला, पण खानाला प्रत्येक दिवसाची किंमत मोजावी लागली. ग्रामीण रुग्णालयाने गंभीर बालकाच्या बाबतीत हेच करायचे असते. अतिदक्षता विभागातील अंतिम उपचार त्याच्याकडे नसतील. परंतु तेथवर पोहोचेपर्यंतचा तास त्याने जिंकून द्यायला हवा. पुणे-नाशिक महामार्गावर आंबेठाण चौक, मोशी, भोसरी येथील कोंडी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हा तास किती लांबतो हे सांगायला नको. श्वास सांभाळल्यावाचून, साखर तपासल्यावाचून, बाळाला ऊब दिल्यावाचून आणि पुढच्या रुग्णालयाला दूरध्वनी केल्यावाचून बालकाला रवाना करणे म्हणजे उपचार नव्हे, जबाबदारीचे हस्तांतर होय. २०१४ मध्ये राज्यात १०८ क्रमांकाची सेवा ९३७ रुग्णवाहिकांसह सुरू झाली. त्या गाडीत बालकाच्या मापाचा मास्क आहे काय आणि तो वापरणारा हात सरावलेला आहे काय, हे तपासण्याचे काम मात्र रोजचे आहे.

मोठे काम मोठ्या इमारतीतच होते, असेही नाही. महाडसारख्या गावात राहून डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाच्या रुग्णांशेजारी रात्री जागून निरीक्षणे केली आणि प्राझोसिन या स्वस्त गोळीने कोकणातील असंख्य मुलांचे प्राण वाचवले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी खेड्यातील अल्पशिक्षित स्त्रियांना नवजात शिशूंची काळजी आणि जंतुसंसर्गावरील उपचार शिकवले. एकोणचाळीस गावांतील त्या प्रयोगात नवजात मृत्यूदर बासष्ट टक्क्यांनी घटला आणि १९९९ मध्ये लॅन्सेटने त्याची नोंद घेतली. खेड्यातील भगिनी जे शिकू शकल्या, ते रुग्णालयातील आया आणि वॉर्डबॉय शिकू शकणार नाहीत, असे मानण्याचे कारण काय?

प्रशिक्षणात आणखी एक विषय अनिवार्य असावा. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात अतिदक्षता कक्षाला आग लागली आणि दहा अर्भके प्राणास मुकली. सात वाचली. त्या घटनेनंतर महाराष्ट्रातील प्रत्येक कक्षात हा प्रश्न विचारला गेला पाहिजे : दिवे गेले, धूर भरला, तर कोणते बाळ कोणी उचलायचे, कोणत्या दाराने न्यायचे? ज्याचे उत्तर भिंतीवर लिहिलेले आहे पण पायांना ठाऊक नाही, ते उत्तर नव्हे.

आता समाजाच्या वाट्याविषयी. १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई फुले यांनी मुंढव्याच्या वस्तीतील एका प्लेगग्रस्त मुलाला पाठीवर घेतले आणि हडपसरजवळ डॉ. यशवंतरावांच्या दवाखान्यात आणले. त्यातच त्यांना संसर्ग झाला आणि १० मार्च रोजी त्यांचे देहावसान झाले. आजारी बालकाला वेळेत दवाखान्यात पोहोचवणे हे समाजाचे काम आहे, हे त्यांनी प्राण देऊन सांगितले. पुढे १९०९ मध्ये पुण्याच्या सेवासदनाचे काम सुरू झाले. त्यातून रमाबाई रानडे यांनी घरंदाज स्त्रियांसाठी परिचारिकेच्या शिक्षणाची वाट खुली केली, तेव्हा शुश्रूषा हे हलके काम मानणाऱ्यांचा विरोध त्यांना सोसावा लागला. तो विरोध आज उघडपणे कोणी करत नाही. परंतु परिचारिकेला अल्प मुदतीच्या कंत्राटावर नेमायचे, शिकवून तयार झाली की मुदत संपवायची, एका पाळीत तिच्यावर अतोनात बालकांचा भार टाकायचा आणि काही विपरीत घडले की नातेवाइकांनी तिच्याच अंगावर धावून जायचे, हा त्याच वृत्तीचा नवा अवतार आहे. रुग्णालयांवरील हल्ल्यांविरुद्ध राज्यात २०१० चा कायदा आहे. पण कायद्यापेक्षा आदराचे संरक्षण अधिक टिकाऊ असते.

या परिसरातील उद्योगांकडे तर साधनेही आहेत. २०१३ च्या कंपनी कायद्यान्वये मोठ्या उद्योगांना नफ्याचा दोन टक्के भाग सामाजिक कामासाठी खर्च करावा लागतो. व्हेंटिलेटर आणि रुग्णवाहिका यांच्या देणग्यांची छायाचित्रे छापून येतात. प्रशिक्षणाचे छायाचित्र चांगले येत नाही. एक सुसज्ज प्रशिक्षण कक्ष, सरावासाठी बालकाच्या प्रतिकृती, फिरता प्रशिक्षक चमू आणि प्रशिक्षणकाळात वॉर्ड सांभाळणारी पर्यायी परिचारिका, एवढे जरी काही उद्योगांनी मिळून उभे केले, तरी भोसरीपासून चाकणपर्यंतच्या शासकीय, महापालिकेच्या आणि छोट्या खासगी रुग्णालयांना त्याचा लाभ होईल. सेवावस्तीत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांचाही यात वाटा आहे. दूध न ओढणारे बाळ, जलद श्वास, आकडी, मलूलपणा, थंडगार पडलेले हातपाय ही धोक्याची लक्षणे खोल्याखोल्यांतील मातांना त्यांच्या भाषेत समजावणे आणि रात्री-अपरात्री त्यांच्याबरोबर रुग्णालयाच्या दारापर्यंत जाणे, हे काम कोणत्याही शासकीय आदेशाची वाट पाहत नाही.

वैद्य, औषध, उपस्थाता आणि रुग्ण. चौथा पाद म्हणजे ते बालक. ते आपले काम इमानाने करते. अखेरच्या क्षणापर्यंत झुंजते. पहिले दोन पाद या भूमीने आपल्या उद्यमाने उभे केले. तिसरा पाद उभा करण्यासाठी परकी मदत नको, नवी इमारत नको. हवे आहेत शिकण्याचे काही दिवस, पुन्हा पुन्हा तालीम घेण्याची शिस्त आणि शिकलेल्या हाताचा मान राखणारा समाज. ज्ञान, दक्षता, अनुराग आणि शुचिता या चारही गुणांनी युक्त असा उपस्थाता प्रत्येक रुग्णालयाच्या दारात उभा करणे, हे या परिसराचे पुढचे काम आहे.